कोपऱ्यातला हिरवा आकडा

९ जानेवारी, सकाळ

ठरलं. टॅक्स कन्सल्टंट व्हायचं. लोकांची रिटर्न्स भरून द्यायची आणि टेबलाच्या आतल्या बाजूला बसायचं. आजवर मी सगळीकडे टेबलाच्या बाहेरच उभा राहिलो, तिथेच घोडं पेंड खात होतं.

ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर. जिन्यात चामड्याचा वास. हंगाम संपेपर्यंत शिकता शिकता काम, भत्ता चहापुरता. ऑफिसच्या मालकीणबाई म्हणजे मॅडम. त्यांनी विचारलं, आधी काय काय केलंय. मी काही लपवलं नाही. गिटारचे क्लास, मधमाश्या, फोटोग्राफी, मध्ये थोडे दिवस ट्रकवर क्लीनर. त्या म्हणाल्या, म्हणजे हिशेब कधी ठेवला नाहीस. मी म्हणालो, ठेवण्याइतका कधी झालाच नाही. त्या हसल्या नाहीत. मुलाखत चांगली झाली.

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. मधमाश्यांच्या वेळीही 'बरं'च म्हणाली होती. पण टॅक्स चावत नाही.

निश्चय: रोज सहाला उठणे. रोज या वहीत लिहिणे. मावशीकडचा मुक्काम हलवणे. आठवड्यासाठी म्हणून आलो होतो, त्याला आता दुसरं वर्ष लागलं. तिच्या लक्षात आलं नसावं.

१० जानेवारी

उठलो साडेनऊला. एकदम बदल केला की शरीराला धक्का बसतो.

१२ जानेवारी

मॅडमनी कामाची पद्धत सांगितली. क्लायंट समोर बसतो. छापील यादीवरून त्याला प्रश्न विचारायचे, मग त्याचे कागद मशीनमध्ये भरायचे. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा सारखा हलत असतो. हिरवा असला की सरकार क्लायंटला परत देणार, म्हणजे रिफंड. लाल असला की क्लायंटने भरायचे. सगळं भरून झालं की रिटर्न पिवळ्या ट्रेमध्ये. मग दुसऱ्या माणसाने पहिल्यापासून तपासून सही करायची. तोवर आकडा तोंडातून बाहेर काढायचा नाही आणि स्क्रीन क्लायंटकडे वळवायची नाही. मॅडम म्हणाल्या, कच्चा आकडा लोक पक्का धरतात, आणि घरी पोचायच्या आत खर्च करून मोकळे होतात.

मला नियम जुनाट वाटला. माणसांशी मोकळं असावं.

माझ्याबरोबर आणखी एक शिकाऊ मुलगी आहे. काडीसारखी बारीक, दिसेल तो कागद दुसऱ्या कागदाला टाचते. मी मनात तिचं नाव टाचणी ठेवलं. ती प्रश्नांची यादी पाठ करते आहे. बिचारी. कल्पनाशक्ती नसली की पाठांतरच करावं लागतं.

१६ जानेवारी

मॅडम आम्हा शिकाऊंचा टॅक्सचा क्लास घेतात, आजचा हुकला. माझा दोष नाही. वाटेत एका बिल्डिंगच्या जिन्यात पियानो अडकला होता. चार माणसं खाली, एक वर, आणि कुणालाच दिशा माहीत नाही. अशा वेळी माणूस पुढे कसा जाईल? मी सूत्रं हातात घेतली. जेवणाच्या सुमारास पियानो परत रस्त्यावर आणला. मालकाला तो वर हवा होता, पण अनुभव अनुभव असतो.

टाचणीने विचारलं, नोट्स हव्यात का. आजचा विषय होता 'एकाहून जास्त मालक'. मी म्हणालो, विषय कळला तेवढं पुरे. एकाहून जास्त मालक असले की एकाहून जास्त पगार. यात शिकायचं काय आहे?

२३ जानेवारी

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

मावशी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असते. संध्याकाळी लॉन्ड्रीत, हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, पार दुसऱ्या टोकाच्या शहरात असते. मार्चमध्ये तिचं बाळंतपण. पहिलंच. मावशीला दोन महिने तिच्याजवळ राहायचंय. शाळेत बिनपगारी रजा मिळेल. लॉन्ड्रीत रजा हा शब्दच नाही, तिथे जायचं म्हणजे सोडूनच जायचं. म्हणून रोज भांडी विसळताना तिचं चाललेलं असतं, जमेल, नाही जमणार, जमेल.

आज मी डबा विसरलो म्हणून ती ऑफिसात घेऊन आली. योगायोगाने तिच्या पिशवीत शाळेकडून आलेला पगाराचा दाखला होता. वर्षभराचा पगार किती, त्यातून टॅक्स किती कापला, सगळं त्यात असतं. मॅडम बाहेर गेल्या होत्या. टाचणी झेरॉक्स मशीनच्या पोटात हात घालून बसली होती. मी मावशीला खुर्ची दिली आणि दाखला भरला. औषधं भरली, गुडघ्याचा डॉक्टर भरला, बसलं तेवढं सगळं भरलं. आकडा हिरवा. नुसता हिरवा नाही, भरघोस हिरवा.

स्क्रीन तिच्याकडे वळवली. एवढ्यापुरतं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हे मला मिळणार? मी म्हणालो, मावशी, ही तर एकच नोकरी झाली. लॉन्ड्रीचा दाखला अजून यायचाय. एका नोकरीवर एवढा, तर दोन नोकऱ्यांवर दुप्पट.

"नक्की?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, नक्की म्हणजे काय, हे माझं क्षेत्र आहे.

संध्याकाळी तिनं ताईला फोन केला. मी आतल्या खोलीत होतो, तरी तिचा आवाज येत होता. येते म्हणून सांगितलं. पूर्ण दोन महिने. ताईच्या सासूबाई येणार होत्या, त्यांना नको म्हणून कळवायचं ठरलं. मावशी फोनवर हसली. या घरात मी ते हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

आयुष्यात प्रथमच कुणाच्या उपयोगी पडलो. झोपताना बूट पॉलिश केले.

२६ जानेवारी

मावशीने गल्लीभर केलेलं दिसतं. सलूनवाल्याने पैसे न घेता केस कापले आणि आपलंही रिटर्न माझ्याकडेच देणार म्हणाला. त्याने मला नाव पाडलंय, दुप्पट. 'या, दुप्पटशेठ.' मी वरवर संकोच दाखवला.

व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. 'सीनियर' लिहावं की नाही यावर विचार चालू आहे.

४ फेब्रुवारी

कार्डं आली. 'सीनियर' लिहिलं आहे. मागच्या बाजूला गिटारचं चित्र राहून गेलं, छापखानेवाल्याने जुनीच प्लेट वापरली. एका क्लायंटला कार्ड देताना मॅडमनी पाहिलं. सगळा गठ्ठा काढून घेतला आणि खणात टाकला. म्हणाल्या, हंगाम संपला की ने.

खणाला कुलूप लावलं. एवढा अविश्वास बरा नव्हे.

१२ फेब्रुवारी, दुपार

लॉन्ड्रीचा दाखला आला. भरला.

मशीनमध्ये बिघाड आहे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

मशीन बंद करून चालू केलं. परत भरलं. टाचणी जेवायला गेल्यावर तिच्या मशीनवर भरलं. तिथेही लाल. हिरवा आकडा आधी अर्धा होतो, मग शून्याला टेकतो, आणि मग लाल होऊन उलट्या दिशेने वाढत जातो. लॉन्ड्रीवाल्यांनी काही तरी चुकीचं लिहिलं असणार. इस्त्री करणारी माणसं, त्यांना हिशेबातलं काय कळतं?

१३ फेब्रुवारी

टाचणीला आडून विचारलं. म्हटलं, माझा एक क्लायंट आहे, सहज म्हणून विचारतो. ती म्हणाली, अरे, हाच तर पियानोच्या दिवसाचा धडा. प्रत्येक मालकाला वाटतं हे माणूस फक्त आपलंच. करमुक्त रक्कम वर्षातून एकदाच मिळायची असते, ती दोघांनीही सोडलेली असते. म्हणून दोघांनीही टॅक्स कमी कापलेला. दोन्ही पगार एकत्र केले की राहिलेलं सगळं एकदम अंगावर येतं. दोन नोकऱ्या करणाऱ्यांचं असंच होतं. सगळ्यात जास्त राबणारी माणसं सगळ्यात जास्त चकित होतात, ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, त्या क्लायंटला तू आकडा सांगितला नाहीस ना?

मी म्हणालो, छे.

पाणी प्यायलो, परत प्यायलो.

निश्चय: आज घरी गेल्या गेल्या मावशीला सांगणे. सोप्या भाषेत, प्रोफेशनल पद्धतीने.

१३ फेब्रुवारी, नंतर

मावशी दमलेली होती. दमलेल्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. उद्या.

१४ फेब्रुवारी

आज ती आनंदात होती. आनंदात असलेल्या माणसाला तर मुळीच देऊ नये.

१५ फेब्रुवारी

आज मावशीने लॉन्ड्री सोडली. मला वाटलं होतं महिनाअखेरीला सोडेल, म्हणजे मध्ये वेळ होता. तिनं लवकर सांगून टाकलं, कारण त्यांना नवी मुलगी शोधायला वेळ मिळावा. अशी आहे ती.

लॉन्ड्रीतल्या बायकांनी केक आणला होता. मलाही बोलावलं. वाफेच्या मशीनमागे एक जुनं टेबल, त्यावर स्वच्छ चादर अंथरलेली, कडक इस्त्रीची. इस्त्रीच्या टेबलावरच्या तिच्या जोडीदारीणबाई म्हणाल्या, हाच का तो तुझा दुप्पट? मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, हाच.

मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी बोललो. टॅक्स प्लॅनिंगचं महत्त्व यावर बोललो. टाळ्या पडल्या.

केकचे दोन तुकडे खाल्ले. दुसरा नको म्हणायला हवं होतं. खरं तर पहिलाच.

१६ फेब्रुवारी

काल सांगायला वेळच मिळाला नाही.

(असं लिहिलं खरं. वेळ होता. लॉन्ड्रीपासून घरापर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत तीन सिग्नल. प्रत्येक सिग्नलला ती थांबली आणि माझ्याकडे बघून हसली.)

१९ फेब्रुवारी

सहाला उठायला लागलो आहे. म्हणजे ती उठायच्या आत बाहेर पडता येतं. संध्याकाळी बागेत बसतो आणि दिवे लागल्यावर घरी जातो. टाचणी म्हणाली, अलीकडे वेळेवर येतोस, सुधारलास. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं टोमणाच मारतेय.

बागेत एक माणूस कागदाची विमानं बनवतो. त्याच्याकडून एक नवी घडी शिकलो. नाक जड ठेवायचं म्हणजे विमान लांब जातं. यात पुढे काही करता येईल का, विचार करायला हवा.

२२ फेब्रुवारी

मावशीने बॅग घेतली. चाकांची, गडद निळी. पलंगाखाली जागा नाही म्हणून माझ्या कोपऱ्यात ठेवली आहे. त्यात ताईसाठी दोन गाऊन, बाळाचे मोजे, एक छोटी उशी. आज तिने मला हाताने उचलून दाखवायला लावली, जड होते का बघ. उचलली. म्हणालो, नाही, अगदी हलकी.

तोंड भिंतीकडे करून झोपतो.

२४ फेब्रुवारी

सलूनवाल्याने दुकानातून हाक मारली. दुप्पट, माझं कुठवर आलं? मी म्हणालो, प्रक्रियेत आहे. त्याने अजून मला एकही कागद दिलेला नाही, तरी त्याला प्रक्रियेत आहे हे पटलं. लोकांचा विश्वास किती स्वस्त असतो. हे लिहायला नको होतं. खोडत नाही, असू दे.

२७ फेब्रुवारी

मार्ग सापडला. इतका सोपा की आधी सुचला कसा नाही, याचंच नवल.

लॉन्ड्री भरायचीच नाही.

फक्त शाळा भरली तर आकडा हिरवाच राहतो. दुप्पट नाही, पण एकपट तर आहे. मावशी बाळंतपणाला जाऊन येईल. पुढे सरकारला कळलं तर कळलं, एवढ्या मोठ्या सरकारला एका इस्त्रीचं काय पडलंय? आणि लॉन्ड्री तर तिने सोडलीच आहे. म्हणजे एका अर्थी ती आता नाहीच.

यात मी फक्त वेळ विकत घेतोय. धंद्यात याला दूरदृष्टी म्हणतात.

१ मार्च, संध्याकाळ

कागद छापून घरी आणले. मावशी कपडे वाळत घालत होती. म्हटलं, सही हवी. ती हात पुसून आली, डबीतून चष्मा काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसली. मी म्हणालो, वाचायची गरज नाही, खालीच सही आहे. ती म्हणाली, सही करायच्या आधी मी बटाट्याच्या पोत्याचं चलनसुद्धा वाचते.

पानं उलटली. परत उलटली.

"यात लॉन्ड्री कुठंय?"

मी म्हणालो, ते नसलं तरी चालतं, टेक्निकल आहे.

"मी तिथं कामाला होते की नव्हते?"

होतीस, मी म्हणालो.

"मग मी नव्हते असं कशाला लिहितोस? पाय बघ माझे. उभं राहून राहून झालेत ना असे?"

मी तिच्या पायांकडे बघितलं नाही. टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत सगळं सांगून टाकलं. दोन मालक, एकदाच मिळणारी सूट, लाल आकडा. मध्ये एकदा सॉफ्टवेअरचंही नाव घेतलं. तिनं ते ऐकून सोडून दिलं. रिफंड नाहीच, उलट भरायचे आहेत, एवढं तिला कळलं. मग तिनं विचारलं, हे तुला कधी कळलं.

मी म्हणालो, याच आठवड्यात.

"केक कापला तेव्हा माहीत होतं?"

मी मेणकापडावरचा डाग नखाने खरवडला.

तिनं चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी बंद केली. माझ्यासमोरचे कागद एकेक करून उचलले, शाळेचा दाखला, लॉन्ड्रीचा दाखला, डॉक्टरची बिलं. उठताना म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय."

जेवलो. तेही लिहून ठेवतो. जेवलो.

३ मार्च

मावशी लॉन्ड्रीत विचारायला गेली होती. तिच्या टेबलावर नवी मुलगी आलीय, चांगली आहे, तिला काढता येत नाही. मावशीला घड्या घालायला ठेवलं. पगार इस्त्रीपेक्षा कमी. जोडीदारीणबाई भेटल्या होत्या म्हणे, काही बोलल्या नाहीत. हे मला मावशीने सांगितलं नाही. ती शेजारच्या बाईंना सांगत होती, मी जिन्यात होतो.

ताईला फोन केला. येणं नाही जमत, म्हणाली. तिकडून ताई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मावशी म्हणत होती, नाही गं, गुडघा दुखतोय म्हणून. भाच्याचं नाव निघालं नाही. निघायला हवं होतं. मी आतून ओरडून सांगणार होतो. खरोखरच सांगणार होतो.

सासूबाईंना परत बोलावणं गेलं.

४ मार्च

मॅडमनी बोलावलं. मावशीने रिटर्न भरून घ्यायला वेळ मागितली होती म्हणे, क्लायंट म्हणून, फी देऊन. मॅडमनी विचारलं, तुमचा भाचा इथेच आहे, त्याच्याकडे का नाही? मावशी म्हणाली, त्याच्याकडे नको.

पुढचं मॅडमनी मला विचारलं. मी सांगितलं. प्रामाणिकपणे सांगितलं. आता उरलं तरी काय होतं? त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, स्क्रीन फिरवू नको असं मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ते ऑफिससाठी नव्हतं सांगितलं. घरच्या माणसांसाठीच सांगितलं होतं. बाहेरचा माणूस चार ठिकाणी विचारून खात्री करतो. घरचा करत नाही.

मशीनवरून उठवलं. आजपासून टोकन देणे, पाणी देणे, झेरॉक्स काढणे. याला मोठ्या ऑफिसांत क्लायंट रिलेशन्स म्हणतात.

म्हणत नाहीत. असं काही म्हणत नाहीत.

९ मार्च

घरात बोलणं एवढंच: दूध संपलंय. दार लाव. किल्ली कुठंय.

भांडी मी घासतो. ती परत घासत नाही, पण बघून ठेवते.

निळी बॅग कोपऱ्यातच आहे. मोजे आणि उशी पार्सलने पाठवली. बॅग परत घेतात का म्हणून मी दुकानात विचारायला गेलो. दुकानदार म्हणाला, वापरलेली परत घेत नाही. मी म्हणालो, वापरलेली नाहीच, हाच तर प्रश्न आहे. तो हसला. मला गंमत करायची नव्हती.

१५ मार्च

ताईला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. सासूबाईंनी फोन केला. मावशी फोन कानाला घट्ट धरून उभी होती. पलीकडे कुणी तरी बाळ फोनजवळ आणलं असावं. मावशी म्हणाली, ऐकलं, ऐकलं गं. मग फोन ठेवून लॉन्ड्रीला गेली, उशीर झाला होता.

पेढा, साखर, काहीच वाटलं नाही. मी सलूनवाल्याला सांगितलं, मी मामा झालो. तो म्हणाला, वा दुप्पट, मावशी गेली असेल ना तिकडे?

त्या बाजूने जाणं बंद केलं आहे. केस वाढू देत.

२० मार्च

टाचणीला म्हटलं, राहिलेले सगळे धडे मला शिकव. ती म्हणाली, हंगाम संपत आला. मी म्हणालो, तरी. तिनं आपली यादी दिली. पहिलं पान वाचलं. मग झेरॉक्सची शाई संपली, ती आणायला गेलो, वाटेत त्या विमानवाल्याचा नवा नमुना बघत थोडा वेळ गेला. उद्यापासून दुसरं पान.

३१ मार्च, शेवटची तारीख

ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारनंतर मावशी आली, शाळेतून सरळ. ॲप्रनची गाठ मागे तशीच राहिली होती. मी म्हणालो, मावशी, तुला रांग नको, थेट आत चल. तिनं टोकनसाठी हात पुढे केला. दिलं. ती इतर लोकांत जाऊन बसली.

तिचा नंबर टाचणीच्या टेबलावर आला. मी पाण्याचा ग्लास नेऊन ठेवला आणि ट्रे घेऊन तिथेच उभा राहिलो. कुणी जा म्हणालं नाही.

टाचणी यादीप्रमाणे विचारत गेली. काम काय. सकाळचं कुठे, संध्याकाळचं कुठे. तब्येतीवर काय खर्च झाला. मी हे मावशीला विचारलंच नव्हतं, घरच्या माणसाला काय विचारायचं म्हणून. दोन्ही दाखले भरून झाले. लाल आकडा दिसत होता, पण टाचणीने स्क्रीन आपल्याकडेच ठेवली होती. ट्रे घेऊन उभा होतो म्हणून फक्त मला दिसला.

मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी आणखी कोण असतं, मावशी?" तीही तिला मावशीच म्हणते.

"भाचा."

"वर्षभर तुमच्याकडेच होता?"

"हो. त्याच्या आधीपासून."

"आणि त्याचा खर्च?"

मावशी ग्लासकडे बघत राहिली. ती कशाला सांगेल? टाचणीने मान वर केली आणि मला विचारलं, गेल्या वर्षीची तुझी कमाई किती. मी म्हणालो, ते जरा गुंतागुंतीचं आहे. ती म्हणाली, सांग, मी लिहिते. गिटारचे विद्यार्थी दोन. त्यातला एक सलूनवाल्याचा पुतण्या, त्याने फी दिली नाही. मध एक बाटली, गिऱ्हाईक मावशीच. फोटो, एका साखरपुड्याचे, त्यात सगळ्यांचे डोळे मिटलेले, म्हणून अर्धेच पैसे. ट्रकवरचे गेल्या वर्षात येत नाहीत. टाचणीने खाली रेघ मारून बेरीज केली. मागच्या टेबलावरचा माणूस वळून बघत होता.

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. बेरीज बघितली. मर्यादेच्या आसपासही नाही, म्हणाल्या. नातेवाईक आहे, वर्षभर घरी राहतो, कमाई नाही, पोट यांच्यावर. अवलंबून व्यक्ती म्हणून दाखवता येईल, चांगली सूट मिळेल. मग मला म्हणाल्या, तू भरलंस तेव्हा या रकान्यात काय घातलं होतंस?

शून्य, मी म्हणालो. हात आपोआप तिकडे गेला होता.

टाचणीने शून्याचा एक केला. मी बघत होतो. लाल आकडा खाली यायला लागला, येत राहिला, आणि अगदी तळाशी येऊन थांबला. भरायचं म्हणजे आता फोनच्या बिलाइतकं. हिरवा झाला नाही. रिफंड नाही. पण महिनाभर जे मावशीच्या डोक्यावर होतं, ते गेलं. ते खाली उतरवायला मी काही केलं नव्हतं, आणि काहीच केलं नव्हतं म्हणूनच ते उतरलं.

मला एका कागदावर सही करायची होती. त्यावर छापलं होतं की, मी गेल्या वर्षी स्वतःचा निर्वाह स्वतः केलेला नाही, तो वरील व्यक्तीने केला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकही शब्द चुकीचा नव्हता. सही केली. टाचणीने तो बाकीच्या कागदांना टाचला. मॅडमनी तपासून सही केली, मग टाचणीने स्क्रीन मावशीकडे वळवली आणि आकडा सांगितला.

मावशीने दोनदा विचारून घेतलं. मग पिशवी खांद्याला लावली.

टाचणी म्हणाली, "एक लक्षात ठेवा हं मावशी. पुढच्या वर्षी याची कमाई वाढली, तर ही सूट जाईल."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. एक मार्चनंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तेवढी जोखीम मी घेते," म्हणाली, आणि लॉन्ड्रीला निघून गेली.